कथा कुणाच्या कानी घालायची?

साशंक : नीतिकथा म्हटली की मी जरा सावध होतो. सांगणाऱ्याने निष्कर्ष आधीच ठरवलेला असतो. मग त्याला साजेसा सिंह, कोल्हा, राजा किंवा फकीर तो शोधून आणतो. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणली आणि पुढे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या गोष्टीखालचं 'तात्पर्य' पाठ करत शिकल्या. तात्पर्य कळलं की गोष्ट संपली, अशीच वाचायची सवय आपल्याला लागली. फारसीतल्या नीतिकथांबद्दल तर माझी शंका याहून मोठी आहे. सादीचं 'गुलिस्तान' आणि 'बोस्तान', 'कलीला व दिमना', काशिफीचं 'अन्वार-ए-सुहैली' ही सगळी पुस्तकं दरबाराच्या सावलीत वाढली. उपदेश करणारा वजीर, ऐकणारा सुलतान, मध्ये कुठे तरी जीव मुठीत धरून उभा असलेला सामान्य माणूस. माधव जूलियनांसारखा फारसीचा प्राध्यापक मराठीला लाभला, त्यांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश दिला, उमर खय्यामच्या रुबाया दिल्या, गझल रुजवली. फारसीतलं प्रेम आणि मद्य मराठीने मनापासून घेतलं. तिथल्या नीतिकथांना मात्र तसा जिव्हाळा कधी दिला नाही. मराठीची ती निवड मला बरोबर वाटते. दरबारी शहाणपण नागपूरच्या आजच्या वाचकाच्या काय कामाचं?

रसिक : नागपूरचं नाव काढलंत, तर तिथूनच सुरुवात करू. राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांचं मिळून 1702 च्या सुमारास शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. मोगलांशी त्याचा संबंध आला तो औरंगजेबाच्या दरबारात, आणि तिथला कारभार फारसीत चाले. पुढे नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या, 1751 च्या तहाने ओडिशा पदरात पडला. तहाचं बोलणं बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी होतं आणि त्याच्या दरबाराची भाषाही फारसीच. मराठी दरबारांत फारसी पत्रं वाचणारा आणि लिहिणारा पारसनीस हा मानाचा अधिकारी होता. आजही देशभरातले अरबी-फारसी शिलालेख वाचणारी पुरातत्त्व खात्याची शाखा नागपुरातच आहे. झियाउद्दीन देसाईंसारखे विद्वान तिचे प्रमुख होते. ज्यांनी ही भाषा पोटासाठी शिकली, त्यांच्या हाती पहिल्या काही वर्षांतच 'गुलिस्तान' पडे. तेव्हा हे पुस्तक आपल्याला परकं नाही. आपण ते विसरलो आहोत, एवढंच. आणि तात्पर्याचं म्हणाल, तर सादीवर तो आरोप बसत नाही. तो आधी गद्यात चार-सहा ओळींची हकीकत सांगतो, मग पद्याच्या दोन-चार ओळी येतात. त्या ओळी कधी गोष्टीला दुजोरा देतात, कधी तिला भलत्याच दिशेला वळवतात. लगेच पुढची गोष्ट येते आणि आधीच्या गोष्टीने जे शिकवलं त्यालाच धक्का देते. वाचकाला बसायला जागाच मिळत नाही.

साशंक : जवळिकीमुळे एखादं पुस्तक मोठं ठरत नाही. ते कोण शिकत होतं, हे तुम्हीच सांगितलंत : मुन्शी, कारकून, पारसनीस. म्हणजे ज्यांना पुढे सत्तेच्या पायरीवर बसायचं होतं ते. त्यांना हे पुस्तक काय शिकवतं, ते पाहा. पहिल्याच प्रकरणात, राजांच्या वर्तनाच्या प्रकरणात, नौशेरवानाचे मंत्री मसलतीला बसतात. बुजुर्गमिहर राजाच्या मताला दुजोरा देतो. बाकीचे विचारतात, इतक्या शहाण्यांच्या मतांपेक्षा राजाचं मत तुम्हाला उजवं का वाटलं? तो म्हणतो, काय घडेल ते कुणालाच ठाऊक नाही. राजाच्या मताशी राहिलो तर चुकलो तरी जीव वाचेल. वर सादी पद्यात सांगतो की राजाने दिवसाला रात्र म्हटलं, तर आपण चंद्र आणि कृत्तिका दाखवाव्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून हे घोकून घेतलं, तर तो मोठेपणी कसला माणूस होईल? त्याच प्रकरणात दरोडेखोरांच्या पोराची गोष्ट आहे. वजीर दया दाखवून त्याला वाचवतो, घरी वाढवतो, शिकवतो. आणि एक दिवस तो मुलगा वजिराला त्याच्या दोन मुलांसह मारून बापाच्या गुहेत जाऊन बसतो. वाईट कुळात जन्मलेला सुधारत नाही, हीच ना शिकवण? ज्या महाराष्ट्राने जन्मावरून माणूस ठरवण्याविरुद्ध एवढं झगडून पाहिलं, त्याने ही शिकवण पुन्हा डोक्यावर घ्यावी?

रसिक : तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तशाच आहेत. त्यांच्या शेजारच्या गोष्टीही वाचू या. तोच नौशेरवान शिकारीवर असतो, मांस भाजायचं असतं आणि मीठ नसतं. सेवक गावात मीठ आणायला निघतो, तेव्हा राजा म्हणतो, पैसे देऊनच आण, नाही तर हाच पायंडा पडेल आणि गाव उजाड होईल. एवढ्याशा मिठाने काय होणार, असं कुणी विचारतं. राजाचं उत्तर असं, की जुलमाचा पाया जगात थोडकाच होता. येणाऱ्या प्रत्येकाने त्यात थोडी भर घातली. सरकारी माणसाने फुकट घेतलेल्या चिमूटभर मिठापासून अन्यायाची रीत कशी बनते, हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं आहे? त्याच प्रकरणात एक जुलमी राजा फकिराला विचारतो, माझ्यासाठी सर्वांत श्रेष्ठ उपासना कोणती? फकीर सांगतो, दुपारची झोप. तेवढा वेळ तरी लोकांना तुझ्यापासून सुटका मिळेल. ही गोष्टही त्याच मुलाने घोकली होती. चंद्र आणि कृत्तिका दाखवणारा मंत्री आणि झोपेचा सल्ला देणारा फकीर, दोघंही त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले. दरोडेखोराच्या मुलाबद्दल बोलायचं, तर वजिराचा पक्ष सादीने दुबळा केलेला नाही. संगतीने माणूस घडतो, नूहचा मुलगा वाईट संगतीने गेला, गुहेतल्या सत्पुरुषांच्या मागे गेलेला कुत्रा माणसांत गणला गेला, हे सगळं त्याने पूर्ण ताकदीने मांडलं आहे. शेवट मात्र वजिराच्या विरोधात जातो. तो शेवट मलाही बोचतो. पण वजिराची बाजू ऐकून घेतल्यावर त्या शेवटाशी भांडायला लागणारी सामग्री वाचकाच्या हातात आलेली असते.

साशंक : इथेच माझी अडचण सुरू होते. उलटसुलट गोष्टी शेजारी ठेवल्या तर प्रत्येकाने आपल्या सोयीची उचलावी, एवढाच मार्ग उरतो. ही नीती नव्हे. 'गुलिस्तान'ची पहिलीच गोष्ट घ्या. राजा एका कैद्याला मारायचा हुकूम देतो. जगण्याची आशा सुटलेला तो माणूस आपल्या भाषेत राजाला शिव्या घालतो. राजाला ती भाषा कळत नाही. तो काय म्हणतो, असं राजा विचारतो, तेव्हा एक भला वजीर सांगतो, राग गिळणाऱ्यांची आणि क्षमा करणाऱ्यांची थोरवी तो गातो आहे. राजा कैद्याला सोडतो. दुसरा वजीर म्हणतो, आपल्यासारख्यांनी राजासमोर खोटं बोलू नये, त्याने शिव्या घातल्या. राजा तोंड फिरवून म्हणतो, तुझ्या खऱ्यापेक्षा त्याचं खोटं मला आवडलं. यातून पिढ्यान्‌पिढ्या जे सूत्र घेतलं गेलं ते असं : भल्यासाठी बोललेलं खोटं चालतं. भलं कुणाचं, हे मात्र प्रत्येक बोलणारा स्वतःच ठरवतो. नागपूरकरांनी याची किंमत मोजली आहे. 1744 साली अलिवर्दीखानाने रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याला बोलण्यांसाठी बोलावलं आणि भेटीच्या तंबूतच सरदारांसह कापून काढलं. बंगाल वाचवण्यासाठी केलेलं खोटं, असं समर्थन त्यालाही देता येईल. आणि आपण तरी कुठे निराळे? नागपूरचे देवाजीपंत चोरघडे मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक. 1763 साली त्यांचे धनी जानोजी भोसले राक्षसभुवनाच्या लढाईआधी निजामाची बाजू सोडून पेशव्यांकडे आले. त्या काळात शहाणपण म्हणत ते यालाच.

रसिक : वजिराच्या गोष्टीत आणि अलिवर्दीच्या तंबूत मोठं अंतर आहे. वजिराला त्या खोट्यातून काहीही मिळत नाही. उघडं पडलं तर त्याचीच मान जाईल. एका अनोळखी माणसाचा जीव वाचवण्यासाठी तो स्वतःचा जीव पणाला लावतो. अलिवर्दीने विश्वासाने आलेल्या माणसांचे जीव घेतले. खोटं कुणाच्या जिवावर उभं आहे आणि त्याचा धोका कोण पत्करतो, ही दोन मापं त्या गोष्टीतच आहेत. ती बाजूला ठेवून नुसतं सूत्र उचललं तर दोष उचलणाऱ्याचा. दुसरी बाब काळाची. सादीने 'बोस्तान' पुरं केलं 1257 साली आणि 'गुलिस्तान' 1258 साली. त्याच 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, खलिफाला मारलं. सादी राहत होता त्या शिराझचे अताबेग मंगोलांना खंडणी देऊन आपलं शहर राखत होते. बगदादसाठी सादीने विलापिका लिहिली. सुलतानाच्या एका शब्दाने माणसं मरत आणि वाचत, अशा जगात तो लिहीत होता. तिथे शुद्ध सत्याचा आग्रह धरणारा माणूस बहुधा इतरांच्या प्राणांवर आपलं सत्य मिरवत असतो. आणि फारसी परंपरेला हे शहाणपण खटकत नव्हतं, असं समजू नका. आपलं पंचतंत्र तिकडे गेलं तेव्हा काय झालं, ते आठवा. सहाव्या शतकात खुस्रो नौशेरवानाच्या काळी बरजोया वैद्याने ते पहलवीत नेलं. ती प्रत हरवली. आठव्या शतकाच्या मध्याला इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, बाराव्या शतकात नसरुल्लाह मुन्शीने फारसीत, पंधराव्याच्या अखेरीस हेरातच्या काशिफीने पुन्हा नटवून, आणि 1588 साली अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलने सोपं करून. आपल्या मूळ कथेत दमनक कोल्हा सिंहाकडून संजीवक बैलाला मारवतो आणि मंत्रिपदावर सुखाने राहतो. इब्न अल-मुकफ्फाला तो शेवट सोसवला नाही. त्याने दिमनाच्या खटल्याचं अख्खं प्रकरण नव्याने जोडलं. चौकशी होते, साक्षीपुरावे होतात, दिमना तुरुंगात मरतो. विष्णुशर्म्याच्या नीतिशास्त्राला न्यायाचा प्रश्न विचारला तो या परंपरेने.

साशंक : ते प्रकरण मीही वाचलं आहे, आणि ते वाचूनच माझी शंका पक्की झाली. खटला कुणावर चालला? चुगली करणाऱ्या कोल्ह्यावर. बैलाला नख्यांनी फाडलं कुणी? सिंहाने. ज्याने खून केला तो न्यायासनावर बसून राहिला आणि ज्याने कान भरले तो मेला. दिमनाच्या मरणाने सिंहासन धुऊन स्वच्छ झालं. सगळ्या दरबारी नीतिकथांची घडण अशीच आहे : राजा मुळात भला असतो, त्याच्या कानाशी लागलेले वाईट असतात. कान भरणारा बदला, राज्य सुधारेल. अन्यायाचं मूळ सिंहासनात असेल, ही शक्यता कथेत येऊच शकत नाही, कारण कथा सिंहासनापुढे सांगायची असते. पंचतंत्राचा मूळ शेवट निष्ठुर असला तरी मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. दरबारात दमनकच जिंकतात, असं तो सांगतो आणि गप्प बसतो. तुमच्या खटल्याने वाचकाला दिलासा दिला, आणि त्या दिलाशाने सत्य झाकलं.

रसिक : तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो : सिंहाची चौकशी झाली नाही. पण ती राहून गेल्याचं तुम्हाला दिसलं कशामुळे? त्या खटल्यामुळेच. न्यायालय उभं राहिलं, साक्षीदार आले, दिमनाने चतुराईने प्रत्येकाला निरुत्तर केलं, आणि इतका वेळ पुरावा-पुरावा ऐकल्यावर वाचकाच्या मनात येतं की नख्या तर त्या आसनावर बसलेल्याच्या आहेत. इब्न अल-मुकफ्फा स्वतः खलिफाच्या राज्यात सत्तेच्या रोषाला बळी पडला, हालहाल करून मारला गेला. अशा माणसाने सिंहावर खटला लिहिला नाही, याचं मला नवल वाटत नाही. आणि सादीने तर सिंहासनालाही आरोपीच्या जागी उभं केलं आहे. एका राजाला दुर्धर रोग होतो. हकीम सांगतात, अमुक लक्षणांच्या माणसाचं पित्त हेच औषध. एका शेतकऱ्याच्या मुलात ती लक्षणं सापडतात. आईबापांना पैसा देऊन राजी केलं जातं. राजाच्या प्रकृतीसाठी प्रजेतल्या एकाचं रक्त सांडणं योग्य, असा फतवा काझी देतो. जल्लाद शस्त्र उचलतो आणि मुलगा आकाशाकडे पाहून हसतो. राजा विचारतो, हसलास का? मुलगा सांगतो, मुलाने हट्ट करायचा तो आईबापांपाशी, फिर्याद न्यायची ती काझीकडे, दाद मागायची ती राजाकडे. आईबापांनी पैशापायी मला मरणाच्या हाती दिलं, काझीने निकाल दिला, आणि राजाला माझ्या मरणात आपलं भलं दिसतं. मग आता देवाशिवाय उरलं कोण? घर, न्याय आणि राज्य या तिन्ही आसऱ्यांचा पोकळपणा एका पोराच्या तोंडून चार वाक्यांत उघडा पडतो. यात कानाशी लागलेला कुणी दुष्ट मंत्री नाही. सगळं कायद्यानेच चाललं होतं.

साशंक : ही गोष्ट मोठी आहे, यात वाद नाही. मात्र तिचा शेवट तुम्ही सांगितला नाहीत. राजाचे डोळे भरून येतात, तो मुलाला सोडतो, आणि त्याच आठवड्यात तो बराही होतो म्हणे. पुन्हा दया वरूनच खाली आली. मुलगा वाचला तो राजाला रडू आलं म्हणून. रडू न येणाऱ्या राजापुढे त्याचं काय झालं असतं, याला गोष्टीत जागा नाही. सादीच्या करुणेला कुंपणही आहे. सगळी माणसं एकाच देहाचे अवयव आहेत, असं सांगणारा हाच कवी 'बोस्तान'मध्ये सोमनाथची कहाणी सांगतो. तिथे मूर्ती हात उचलते म्हणून लोक भुलतात, सादी पाहतो तर पडद्याआड एक पुजारी दोरी ओढत असतो. तो जिवंत राहिला तर आपल्या जिवावर उठेल म्हणून सादी त्या पुजाऱ्याला विहिरीत ढकलतो आणि वरून दगड टाकून संपवतो. हे सगळं तो ईश्वराबद्दलच्या कृतज्ञतेच्या प्रकरणात सांगतो. एका देहाचा हा अवयव कुणाचा होता? मला या सगळ्यापेक्षा आपल्या मातीतली कथा जवळची वाटते. चक्रधरांचे दृष्टांत केशोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. तेराव्या शतकातली ही गोष्ट, त्याच शतकात सादी. महानुभावांचं रिद्धपूर नागपूरपासून किती दूर आहे? ग्रंथ संस्कृतात लिहायचा विचार पुढे आला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो मोडून काढला, कारण त्याने त्यांच्या म्हाताऱ्या शिष्या वंचित झाल्या असत्या. ती कथा कुणासाठी आहे, हे त्या एका निर्णयात दिसतं. आणि पुढे याच विदर्भात गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले तेव्हा समोर राजा नव्हता, गाव होतं. ते गावाला प्रश्न विचारत, गावाकडूनच उत्तर काढून घेत. कर्ज, दारू, अस्वच्छता, देवाला कोंबडं-बकरं, सगळ्यांची झडती होई. तिथे दयेची याचना नव्हती. माणूस आपलं आपण बदलू शकतो, असं गृहीत धरून ते बोलत.

रसिक : सोमनाथच्या कहाणीचं समर्थन मी करणार नाही. अभ्यासक तो प्रवासच काल्पनिक मानतात; वर्णनात हिंदू पुजारी आणि अग्निपूजक इराणी यांची सरमिसळ झाली आहे. काल्पनिक असल्याने ती निर्दोष होत नाही. उलट, इतकं क्रौर्य त्याने मुद्दाम रचलं असं ठरतं. त्याच्या करुणेला कुंपण होतं, हे खरं. एकाच लेखकात अवयवांची ओळ आणि ती विहीर, दोन्ही वाचल्यावर आपल्या स्वतःच्या करुणेचं कुंपण कुठे घातलेलं आहे, हे तपासल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आता दृष्टांतांकडे येऊ. फारसीतल्या सगळ्याच कथा दरबारापुढच्या नाहीत. अत्तारच्या 'मन्तिकुत्तैर'मध्ये पक्षी राजाच्या शोधात निघतात, सात दऱ्या ओलांडतात, आणि शेवटी पोहोचलेल्या तीस पक्ष्यांना कळतं की शोधत होतो तो राजा आपणच. तिथे सिंहासनच विरघळून गेलं आहे. रूमीच्या 'मसनवी'त मेंढपाळ आपल्या देवाला वेडीवाकडी माया लावतो, मूसा त्याला दटावतो, आणि देव मूसाचीच कानउघाडणी करतो. जनाबाईबरोबर देवाला दळायला लावणाऱ्या मराठी मनाला ती गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. हत्तीचा दृष्टांत तर दोन्हीकडे आहे. चक्रधरांचा हत्ती आंधळे चाचपतात. रूमीने मात्र त्यांना डोळस केलं आहे. हत्ती अंधाऱ्या घरात उभा आहे म्हणून त्यांना तो कळत नाही. एकेकाच्या हाती मेणबत्ती असती तर भांडण मिटलं असतं, असं तो सांगतो. माणसाच्या दृष्टीत उणेपणा नाही, उजेडाची सोय करा, एवढंच त्याचं म्हणणं. गाडगेबाबांच्या कीर्तनापासून हे फार दूर आहे, असं मला वाटत नाही.

साशंक : रूमी आणि अत्तार यांना मी बाजूला ठेवतो, ते साधकाशी बोलतात, आणि साधकाला राजाची भीती नसते. आपला वाद व्यवहारातल्या नीतीचा आहे. त्यासाठी मला पुन्हा त्या पहिल्या वजिराकडे जावंसं वाटतं, कारण आता माझी शंका आधीपेक्षा स्पष्ट झाली आहे. त्या गोष्टीत सगळे वजिराबद्दल बोलतात. माझं लक्ष कैद्याकडे जातं. त्या दरबारात पहिल्यांदाच कुणी तरी राजाला खरं सुनावलं होतं. वजिराने त्याचा जीव वाचवला आणि त्याचं बोलणं मारलं. राजाला वाटलं, माझा कैदीसुद्धा क्षमेची थोरवी गातो. असा राजा उद्या दुसऱ्या कुणाला मारायचा हुकूम देणार नाही कशावरून? एका कैद्याला वाचवणाऱ्या त्या खोट्याने पुढच्या कैद्याची तयारी करून ठेवली. आणि 'गुलिस्तान' शिकलेला प्रत्येक पारसनीस, प्रत्येक मुन्शी नेमका त्या वजिराच्या जागी उभा होता : खालच्याची भाषा वरच्याला सांगायच्या जागी. सगळ्यांनी भलेपणाने वजिरासारखंच केलं तर वर कधीच काही पोहोचणार नाही. दुष्काळ पडला तरी वर कळणार की प्रजा सुखी आहे.

रसिक : माझ्याकडे याचं पुरेसं उत्तर नाही. पण या शंकेला एक गोष्ट जोडतो. दुसरा वजीर खरं बोलला, ते प्रजेच्या कळवळ्याने नव्हे. पहिल्या वजिराशी त्याचं वैर होतं, आणि कैदी मेला असता तरी त्याला चाललं असतं. म्हणजे त्या दरबारात भल्या मनाचा माणूस खोटं बोलतो आणि वाईट मनाचा खरं बोलतो. तिसरा माणूस तिथे नाही : राजाला कैद्याची शिवी जशीच्या तशी सांगणारा, आणि तरीही कैद्याला वाचवणारा. सादीने तो लिहिला नाही. मी बराच विचार केला, त्याच्या इतर गोष्टींत हा तिसरा माणूस सापडतो का. झोपेचा सल्ला देणारा फकीर त्याच्या जवळ जातो. तो निर्भयपणे खरं बोलतो. पण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, आणि त्याच्या बोलण्याने कुणाचा जीवही वाचत नाही. ज्याच्या हाती वाचवायची ताकद आहे त्याला खोटं बोलावं लागतं. ज्याला खरं बोलता येतं त्याच्या हाती वाचवायला काही नसतं. ही फट सादीला दिसली होती, असं मला वाटतं. म्हणूनच श्रीमंती आणि गरिबीवरच्या वादात त्याने स्वतःला आणि प्रतिपक्षाला हातघाईवर आणलं, शेवटी काझीपुढे नेलं, आणि काझीने दोन्ही बाजूंना थोडं थोडं मान्य करून त्यांना घरी पाठवलं. निकाल देण्यापेक्षा प्रश्न जिवंत ठेवणं त्याला जास्त जमत होतं.

साशंक : मग आपलं मतभेदाचं ठिकाण आता नेमकं सापडलं. तुम्हाला वाटतं, तो तिसरा माणूस दरबाराच्या आत घडू शकतो. त्याला मीठ आणि हसणारा मुलगा यांच्या गोष्टी लहानपणी ऐकवल्या तर तो कधी तरी उभा राहील. मला वाटतं, तो बाहेरच घडतो. गाडगेबाबांपुढे बसलेल्या गावातून, म्हाताऱ्यांसाठी लिहिलेल्या दृष्टांतातून. आतल्यांची नीती कितीही बारीक असली तरी शेवटी ती वरच्याला रडू येण्यावर अवलंबून राहते.

रसिक : बाहेर घडलेला माणूसही एक दिवस आत जातो. कचेरीत बसतो, टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं गाऱ्हाणं कागदावर उतरवतो, आणि ते वर कोणत्या शब्दांत पाठवायचं हे त्यालाच ठरवायचं असतं. गावाच्या कीर्तनाने त्याला सरळ उभं राहायला शिकवलं असेल. पण त्या क्षणी आपल्या खऱ्या शब्दाची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागणार असेल तर काय करायचं, हे त्याला कोण शिकवणार? तुमच्या कथांनी त्या क्षणाची तयारी करून घेतली आहे का, हे मला सांगा. माझ्या कथांनी ती अर्धीच करून घेतली, हे मी मान्य केलं आहे.

साशंक : माझ्या कथांनी नाही केली, हे मलाही मान्य आहे. तरी त्या अर्ध्या तयारीवर मी विसंबणार नाही. जो माणूस दुसऱ्याचं बोलणं बदलून त्याला वाचवतो, त्याने निदान त्या वाचलेल्या माणसाला सांगायला हवं की तुझं म्हणणं मी वर पोहोचू दिलं नाही. ते पुन्हा बोलायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.